तारण

खोपटला झेरॉक्सवाल्याच्या मागे माझा गाळा.
लग्नपत्रिका, सोसायटीच्या नोटिसा, दशक्रियेची कार्डं.
तिथे फादर इनास डिमेकर आले
कापडी पिशवीत सहाशे पानं घेऊन,
हिरव्या शाईची, पाठपोट लिहिलेली.
म्हणाले, "भोईरबाई, घाई नाही.
आमचं काम दोन हजार वर्षं चाललंय."

बेल्जियममध्ये सात वर्षं शिकले होते म्हणे.
तिकडच्या भाषेत तीन पुस्तकं,
इथे ती कुणी पाहिली नाहीत.
वडील मीठबंदरला मिठागरात राबले.
देवाबद्दल मराठीत लिहायचं तर
बापाला कळेल असं लिहावं, एवढाच हट्ट,
आणि बाप तर कधीच गेलेला.

चौथ्या प्रकरणात मी अडले.
'ख्रिस्त हेच आमचे तारण.'
विचारलं, फादर, तारण म्हणजे गहाण ना?
माझ्या पाटल्या तारण आहेत
जांभळी नाक्याच्या पतपेढीत,
ह्यांची कंपनी बंद पडली तेव्हापासून.

ते हसले नाहीत.
"पावती आहे?"
पर्समधून काढून दिली, घडीवर फाटलेली.
लॅटिन वाचावं तशी वाचली, ओठ हलवत :
पाटल्या एक जोड, वजन, व्याज,
मुदतीत न सोडवल्यास लिलाव.
"पाटल्यांना माहीत असतं का
आपण कुणाच्या ते?"
सोन्याला काय माहीत, मी म्हटलं.
मला माहीत असतं ना.

"बस," म्हणाले,
आणि चौथं प्रकरण पिशवीत घालून
उठून गेले. चहा तसाच.

तीन महिन्यांनी अठ्ठावीस पानांची अकरा झाली होती.
देवाचं नाव एकदाच.
बाकी सगळी एक बाई,
पावती उशाखाली ठेवून झोपणारी,
मध्यरात्री हात घालून चाचपणारी.

मला राग आला.
कर्ज माझं होतं.
पानामागे दोन रुपये वाढवून सांगितले.
त्यांनी मोजून दिले.

पुस्तक निघालं. सातशे प्रती.
निम्म्या त्यांच्याच खाटेखाली.
दोन वर्षांनी रोमहून पत्र आलं, सात प्रश्नांचं.
पाचवा असा :
देवाने माणसाला गहाण टाकले,
असे आपणास म्हणावयाचे आहे काय?

उत्तरं मीच टाइप केली.
सहा प्रश्नांना पानंच्या पानं, तळटिपांसकट.
पाचव्यापुढे एकच ओळ :
'हे मी खोपटच्या एका बाईकडून शिकलो,
तिला विचारावे लागेल.'

मला कुणी विचारलं नाही.

शिकवायची बंदी आली.
मग चरईतल्या म्हाताऱ्यांना घरोघर कम्युनियन नेऊन द्यायचे,
संध्याकाळी तलावपाळीच्या कट्ट्यावर
चणे खात बसायचे, सालं खिशात टाकत.
मी म्हटलं, तुम्ही भांडत का नाही?
"भांडतो की. रोज सकाळी साडेसहाला,
वेदीसमोर."
कुणाशी, ते विचारायचं राहिलं.

पाटल्या सुटल्या, मुलगा नोकरीला लागल्यावर.
त्यांना दाखवायला गेले तर
ते हॉस्पिटलात, नाकात नळी.
पाटल्यांवरून बोट फिरवलं फक्त.
नर्सला वाटलं मी नात्यातली.

मातीच्या दिवशी सगळे गुडघ्यावर बसायचे, उठायचे.
मला कधी बसायचं कळेना.
शेवटच्या बाकाजवळ उभीच राहिले.
प्रवचनात त्यांच्या साधेपणाबद्दल खूप होतं,
पुस्तकाबद्दल काही नाही.

आता पत्रिका मोबाइलवरच होतात.
पतपेढीच्या नोटिसा तेवढ्या येतात अजून :
'तारण मालमत्तेचा जाहीर लिलाव',
खाली कर्जदारांची यादी, बारीक टाइपात.
काम घाईचं असतं, पैसे कमी.
तरी प्रत्येक नाव
दोनदा वाचते मी.
काना-मात्रा चुकू नये कुणाचा.